घड्याळजी काकांचा बिननंबरी चष्मा

मी एक जुना चष्मा आहे. काळी जाड फ्रेम, डाव्या काडीवर एक बारीक चरा आणि साध्या काचा, एवढंच माझं रूप. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात, असं तुम्ही वाचलं असेल. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी रागावलेलो आहे. हा राग जमायला अकरा वर्षं लागली आहेत, तो तुमच्या मधल्या सुट्टीत विरघळणार नाही.

एका लहानशा दुकानात, मखमली खणात, आम्ही बारा फ्रेमा शेजारी शेजारी बसायचो. एकेकीला नंबरच्या काचा बसवल्या जायच्या आणि ती कोणाच्या तरी नाकावर बसून निघून जायची. एकीमुळे एका शिंपीणबाईंना पुन्हा सुईत दोरा ओवता आला. दुसरीमुळे एका ड्रायव्हरची नोकरी वाचली. मी माझ्या पाळीची वाट बघत होतो. एक दिवस साधारण पन्नाशीच्या एक बाई आल्या, त्यांनी मला उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हा द्या."

"नंबर काय घालू?" दुकानदारानं विचारलं.

"नंबर नको. टीव्हीच्या मालिकेसाठी हवाय. साधी काच घाला."

"मग काच तरी कशाला? नुसती फ्रेम न्या की."

"वा! जवळून दाखवलं की लगेच कळतं. खोट्यालासुद्धा काच लागते, काका."

मला बिननंबरी काचा बसल्या. मला फार वाईट वाटलं. ज्याच्यातून कोणाला काहीच जास्त दिसणार नाही, असा चष्मा जन्माला येऊन काय उपयोग? त्या बाई मालिकेच्या कपडेपटात काम करायच्या, म्हणजे कलाकारांचे कपडे, चपला, घड्याळं, चष्मे सगळं त्यांच्या ताब्यात. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. मावशींनी मला पिशवीत टाकलं आणि स्टुडिओत आणलं.

त्या मालिकेचं नाव मी घेणार नाही. रागावलेला माणूस नाव घेत नाही, तर रागावलेल्या चष्म्यानं का घ्यावं? पण मालिका विनोदी होती आणि तुमच्या आईबाबांना ती नक्की माहीत असेल. त्यात एक घर होतं. घरात मोठे भाऊ होते, शाळेचे हेडमास्तर. पोस्टात नोकरी करणाऱ्या आणि नेमके टोमणे मारणाऱ्या वहिनी होत्या. त्यांची बारा वर्षांची हुशार मुलगी होती. आणि त्या मुलीचे काका होते. काकांचं घराच्या तळमजल्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. मी त्या काकांचा चष्मा.

काका कसे होते ते मला नीट सांगू द्या, कारण आता ते कोणालाच आठवत नाही. मालिका लिहिणाऱ्या लेखिकाबाईंचे वडील खरोखरचे घड्याळजी होते आणि काका त्यांच्यावरूनच घडवलेले होते. काकांच्या जिभेला धार होती आणि हाताला हळुवारपणा होता. गिऱ्हाइकानं बंद पडलेलं घड्याळ पुढं केलं की काका ते कानाशी धरायचे आणि म्हणायचे, "तीन दिवस चावी दिलेली नाही. घरात काय बिनसलंय?" आणि नेमकं काहीतरी बिनसलेलं असायचं. घरातल्या प्रत्येकाचं दुखणं काकांना आधी कळायचं. ते विनोद करायचे तेसुद्धा कोणाला तरी सावरायला.

ही भूमिका करणाऱ्या नटाला सगळे अण्णा म्हणायचे. अण्णांचं तोवर फारसं नाव नव्हतं. पण त्यांनी काय केलं ठाऊक आहे? पहिलं शूटिंग सुरू होण्याआधी ते वीस दिवस लेखिकाबाईंच्या वडिलांच्या दुकानात जाऊन बसले. घड्याळाची पाठ कशी उघडायची, चिमटा किती हलका धरायचा, केसापेक्षा बारीक स्प्रिंग श्वास रोखून कशी बसवायची, हे सगळं शिकले. मालिकेत जी घड्याळं दुरुस्त होताना दिसली ती पहिल्या वर्षी खरोखर दुरुस्त व्हायची. अण्णा मला नाकावर चढवायचे, टेबलावर वाकायचे, आणि तेवढा वेळ मी बिननंबरी आहे हे मी विसरायचो. एक माणूस पुरा उभा करण्यात माझा वाटा होता. मला दुसरं काही नको होतं.

मग नववा भाग आला. माझ्या रागाचं मूळ त्यात आहे, म्हणून नीट ऐका.

त्या भागात पुतणी शिकायला दुसऱ्या गावी वसतिगृहात निघालेली असते. काकांनी ठरवलेलं असतं की रडायचं नाही. ते खोलीभर आपला चष्मा शोधत फिरतात, उशीखाली, खिडकीत, चहाच्या डब्यामागं. मी त्यांच्या कपाळावर असतो. त्यांना तो सापडायला नकोच असतो, कारण सापडला तर मुलीकडं बघावं लागेल. शेवटी पुतणी जवळ येते, टाचा उंचावते आणि मला त्यांच्या नाकावर अलगद खाली ओढते. बस. एक शब्द नाही.

आमच्या मालिकेचं शूटिंग दोनशे प्रेक्षकांसमोर व्हायचं. ते लोक आधी खदखदून हसले. मग पुतणीनं मला खाली ओढल्यावर असे गप्प झाले की दिव्यांची गुणगुण ऐकू येऊ लागली. पहिल्या रांगेतल्या एका आजी डोळे पुसत होत्या. अण्णांच्या पापण्या माझ्या काचेला ओल्या लागत होत्या. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला क्षण.

पण साउंडवाल्यांच्या खोलीत एक यंत्र होतं. कोणत्या वाक्याला किती हशा आला ते त्याच्या काट्यावरून मोजायचं आणि कागदावर लिहून डिरेक्टरसाहेबांना द्यायचं, अशी तिथली पद्धत. हशाला काटा उडायचा. शांततेला हलायचाच नाही. दुसऱ्या दिवशी कागदावर आलं, चष्मा शोधणं, आजवरचा सर्वांत मोठा हशा. मुलीनं चष्मा खाली ओढला, शून्य.

डिरेक्टरसाहेबांनी शून्य खोडलं आणि हशा ठेवला. पुढच्याच महिन्यात काकांनी पुन्हा चष्मा शोधला, या वेळी काही कारण नसताना. मग दर पंधरा दिवसांनी. मग दर भागात. लेखिकाबाईंनी भांडून पाहिलं.

"अहो, तो विसरभोळा नाही. त्या दिवशी त्याला विसरायचं होतं!"

"बाई, लोकांना एवढं कळत नाही."

"कळलं होतं. गप्प बसले होते ना लोक!"

"गप्प बसायला लोक घरी बसतात," डिरेक्टरसाहेब म्हणाले, आणि आजूबाजूचे चार जण हसले.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी लेखिकाबाई मालिका सोडून गेल्या. डिरेक्टरसाहेबांना वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. त्यांच्या जागी चार नवे लेखक आले. चौघं एका खोलीत बसायचे आणि भिंतीवर चार पात्रांचे चार कागद लावलेले असायचे. प्रत्येक कागदावर एकच शब्द. भाऊ: कंजूष. वहिनी: स्वच्छता. पुतणी: मोबाइल. काका: चष्मा.

बघा, मोठ्या भावांनी दुसऱ्या वर्षी एकदा पार्सलची सुतळी गुंडाळून ठेवली होती. एवढाच त्यांचा गुन्हा. सातव्या वर्षी ते पाहुण्यांनी अर्धा सोडलेला चहा परत किटलीत ओतू लागले. वहिनींनी एकदा पाहुण्याचा कप उचलून धुतला होता, कारण तो पाहुणा उठतच नव्हता आणि त्यांना पोस्टात जायचं होतं. पुढं वहिनींचं पोस्ट गेलं, नोकरी गेली, टोमणे गेले, हातात फक्त फडकं उरलं. पुतणी गणितात पहिली येणारी मुलगी होती. मोठी झाली आणि तिला साधी बेरीज येईना. एकदा जे चुकून घडलं, तेच त्यांचं नाव झालं, गाव झालं आणि अख्खा जन्म झाला. अति तिथे माती म्हणतात, पण इथे मातीलाच टाळ्या पडत होत्या.

काकांचं तर विचारूच नका. ते मला शोधायचे, मग माझ्यावर बसायचे. बसल्यावर मोडायला वेगळे चष्मे बनवून घेतले होते, हलक्या प्लास्टिकचे, हुबेहूब माझ्यासारखे. एका वर्षात माझी अशी चाळीस भावंडं कामी आली. मी मात्र जवळून दाखवायच्या वेळी नाकावर चढायचो, म्हणून जिवंत राहिलो. काका जिन्यावरून पडू लागले. काका भिंतीला नमस्कार करू लागले. सहाव्या वर्षी एका भागात कोणीतरी काकांना विचारलं, किती वाजले? काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "हे कोणाचं चित्र आहे?" घड्याळजीला घड्याळ ओळखता येईना! दोनशे माणसं हसून हसून खुर्चीत मागं पुढं झाली. लेखिकाबाईंच्या वडिलांनी त्या दिवशी टीव्ही बंद केला आणि पुन्हा ती मालिका लावली नाही. हे त्यांनी स्वतः अण्णांना फोन करून सांगितलं. फोन ठेवल्यावर अण्णा बराच वेळ मला बोटात फिरवत बसले होते.

मी अण्णांवरही रागावलेलो आहे, ते लपवत नाही. ते एकदोनदा डिरेक्टरसाहेबांशी बोलले, पण साहेब म्हणायचे, "अण्णा, रस्त्यात लोक तुम्हाला काका म्हणून हाक मारतात. अजून काय पाहिजे?" आणि अण्णा विरघळायचे. टाळ्या कोणाला नको असतात? मीसुद्धा कुठे धुतल्या तांदळासारखा आहे. दर भागात कपाळावर मीच तर बसायचो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो मी.

आठव्या वर्षाच्या अखेरीस एक नवीनच गोष्ट सुरू झाली. अण्णा दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटू लागले. कागदावर लिहिलेलं नसतानाही. टेबलाच्या डाव्या कडेला ठेवलेला पेला ते कोपरानं पाडायचे. डावीकडून कोणी आत आलं तर दचकायचे. प्रेक्षक हसून लोळायचे. शॉट संपला की डिरेक्टरसाहेब धावत यायचे.

"अण्णा, काय टायमिंग! हे कुठून सुचतं तुम्हाला?"

अण्णा हसायचे. त्यांनाही ठाऊक नव्हतं कुठून सुचतं. त्यांना वाटायचं, इतकी वर्षं धडपडण्याचा अभिनय करून अंगाला सवय लागली असावी. कधी ते मावशींना म्हणायचे, "मावशी, ही फ्रेम फार जाड आहे हो. कडेचं काही दिसत नाही." मावशी मला पुसायच्या, काड्या सैल करायच्या. माझ्यावर आळ आला आणि मला बोलता येत नव्हतं. माझ्या काचा स्वच्छ होत्या, मित्रांनो. माझ्यात काहीही झाकण्याची ताकद नव्हती. मी साधी काच होतो, आणि त्या काचेच्या एका इंचावर एक डोळा कडेकडेनं विझत चालला होता. जगात हे फक्त मला दिसत होतं.

शर्टाच्या खिशात मला विसरून अण्णा कधी कधी घरी न्यायचे. एकदा जेवताना त्यांनी डावीकडचा पाण्याचा तांब्या पाडला. त्यांची मुलगी खळखळून हसली. "बाबा, घरी तरी काका नका ना होऊ!" अण्णाही हसले आणि फडकं घेऊन पाणी पुसू लागले. पुसताना अर्धं पाणी तसंच राहिलं, डाव्या बाजूचं. मुलीला वाटलं, हीसुद्धा गंमतच. त्या पोरीवर माझा राग नाही. ज्या घरात रोज आग लागल्याचं नाटक चालतं, तिथं धुराकडं कोण बघणार?

असं दोन वर्षं चाललं. दोन वर्षं, लक्षात ठेवा.

हे ओळखलं मावशींनी. कपडे बदलताना त्यांना अण्णांच्या खांद्यावर, कोपरावर, गुडघ्यावर काळेनिळे डाग दिसायचे. एके दुपारी शर्टाची बटणं लावता लावता त्यांचा हात थांबला. "अण्णा, हे सगळे डाग डावीकडेच कसे?" अण्णा म्हणाले, असेल, काम करताना लागतं. त्या दिवशी मावशी सेटच्या मागं, सामान ठेवतात त्या बोळात उभ्या राहिल्या. तिथं ना कॅमेरा होता ना प्रेक्षक. अण्णा एकटे आले, शिडीला धडकले, शिडीला "माफ करा" म्हणाले आणि पुढं गेले. मावशी मला पिशवीत ठेवत पुटपुटल्या, "बघायला कोणी नसताना माणूस विनोद कशाला करेल?"

त्या अण्णांना हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. मी बरोबर होतो. दवाखान्याच्या दाराला अण्णांचा खांदा लागला आणि बाहेर बसलेले सगळे पेशंट आनंदानं हसले, एकानं तर टाळी दिली. आत तपासणी बराच वेळ चालली. डॉक्टरीणबाईंनी मला हातात घेतलं, उजेडाकडं धरलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"याला तर नंबरच नाही. हा चष्मा कशासाठी वापरता?"

"लोकांना हसवायला," अण्णा म्हणाले.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो, दुखत नाही, खुपत नाही, कडेची नजर आधी जाते आणि मधली शेवटी. डावा डोळा जवळजवळ गेला होता. उजव्याचं मधलं तेवढं शिल्लक होतं आणि औषधानं तेही किती दिवस टिकेल हे सांगता येत नव्हतं. गेलेली नजर परत येत नाही.

"धडपडायला सुरुवात झाली तेव्हाच यायला हवं होतं. कोणाच्याच लक्षात आलं नाही का?"

मावशींनी तोंडाला पदर लावला. काय सांगणार त्या? दर आठवड्याला अख्खा देश बघत होता, हे सांगणार?

डिरेक्टरसाहेबांना कळलं तेव्हा मालिका संपायला सहा भाग उरले होते. त्यांना खरंच वाईट वाटलं, अण्णांचे हात त्यांनी हातात घेतले. आणि मग म्हणाले, "अण्णा, हे सध्या बाहेर नको. लोकांना हसताना कसंतरी वाटेल."

त्या क्षणी मला हात असते तर मी काय केलं असतं ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही.

अण्णा मात्र शांत होते. ते म्हणाले, "ठीक आहे. मी कोणाला सांगत नाही. पण एक गोष्ट द्या मला. शेवटच्या भागात काकांना एक घड्याळ दुरुस्त करू दे. खरंखुरं. लेखिकाबाईंनी लिहिलेलं. त्यात मी पडणार नाही, काही शोधणार नाही. एकदा त्यांना पूर्वीसारखं होऊन जाऊ दे."

डिरेक्टरसाहेबांनी होकार दिला. लेखिकाबाईंनी दीड पान लिहून पाठवलं. पुतणी येते आणि बंद पडलेलं घड्याळ काकांसमोर ठेवते. काका ते कानाशी धरतात, उघडतात, दुरुस्त करतात आणि विचारतात, तीन दिवस चावी का नाही दिलीस? एवढंच. अण्णांनी तीन आठवडे सराव केला. उजव्या डोळ्याला नाण्याएवढं दिसायचं, बाकी सगळं बोटांनी. आठ वर्षांनी चिमटा हातात धरला होता, पण बोटं विसरली नव्हती. रोज दुपारच्या सुट्टीत मावशी समोर बसायच्या आणि घड्याळ पुन्हा बंद करून द्यायच्या. एकविसाव्या दिवशी अण्णांनी डोळे मिटून ते चालू केलं. मी त्यांना इतकं खूश कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

शेवटच्या शूटिंगला दोनशेच्या जागी तीनशे लोक आले. बरेच जण माझ्यासारखा चष्मा कपाळावर लावून आले होते. पुतणी आत आली, तिनं घड्याळ ठेवलं. अण्णांनी ते चाचपडून उचललं आणि लोक हसले. अण्णा थांबले नाहीत. त्यांनी ते कानाशी धरलं. लोक हसले. चिमटा घ्यायला त्यांचा हात टेबलावरून हळूहळू सरकला, जसा सरावात रोज सरकायचा, आणि लोक पोट धरून हसले. हात चिमट्याच्या अलीकडं गेला, मग पलीकडं, मग चिमट्यावर. प्रत्येक वेळी मोठा हशा. पुतणीचं काम करणाऱ्या मुलीला सरावात बघून सगळं कळलेलं होतं. ती ओठ घट्ट मिटून उभी होती.

अण्णांनी घड्याळाची पाठ उघडली. बोटांनी स्प्रिंग शोधली, चिमट्यानं धरली, श्वास रोखला आणि बसवली. घड्याळ चालू झालं. मी ऐकलं. अण्णांनी ऐकलं. बाकी कोणालाच ऐकू गेलं नाही, एवढा आवाज होता. आता काका आपल्याच बोटावर हातोडी मारतील, या आशेनं तीनशे माणसं पुढं झुकून हसत होती.

मग अण्णांनी मला नाकावरून काढलं, टेबलावर ठेवलं आणि लोकांकडं तोंड करून हात जोडले.

"हसू नका हो," ते म्हणाले. "मला खरंच दिसत नाही."

अकरा वर्षांत एवढा हशा कधी आला नव्हता. यंत्राचा काटा टोकाला जाऊन अडकला, असं साउंडवाले नंतर कौतुकानं सांगत होते.

अण्णा हात जोडून तसेच उभे राहिले. तेव्हा मावशी सेटवर आल्या. कपडेपटातलं माणूस शूटिंग चालू असताना सेटच्या उजेडात कधी पाऊल टाकत नाही, तसा तिथला नियमच होता. मावशी सरळ चालत आल्या, त्यांनी अण्णांचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं मला उचललं. "चला अण्णा. झालं आपलं काम." त्या दोघांना जाताना बघून लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मालिकेचा शेवटच असा आहे.

टीव्हीवर मावशी दिसल्या नाहीत, त्यांना कापलं होतं. घड्याळाचं कामही कापलं होतं, ते म्हणे फार लांबत होतं. राहिलं काय, तर अण्णांचं ते एक वाक्य, त्यावरचा हशा आणि मग नावांची पाटी. एका माणसानं सगळ्या देशासमोर खरं सांगितलं, आणि देशानं त्याला शाबासकी दिली. लोक आजही एकमेकांना ते वाक्य ऐकवून हसतात.

आता मी स्टुडिओच्या प्रवेशदालनात काचेच्या पेटीत आहे. शेजारी काकांच्या दुकानाचं एक पुठ्ठ्याचं दार उभं केलेलं आहे. शाळांच्या सहली येतात, मुलं त्या दाराला डावा खांदा आपटतात आणि त्यांचे फोटो काढले जातात. मित्रांनो, माझी काच रोज पुसली जाते, माझी देखभाल उत्तम आहे. मला माझ्यासाठी काही मागायचं नाही. पण तुमच्या वर्गात कोणीतरी असेल, जो एकदा फळ्यासमोर अडखळला आणि कायमचा अडखळ्या झाला. कोणी एकदा रडली आणि रडूबाई झाली. तुमच्याच घरात एखादे आजोबा असतील, ज्यांचं विसरणं ही आता घरातली ठरलेली गंमत असेल. त्यांच्यावर तो एकच शब्द चिकटवू नका. आणि चिकटवलाच असेल, तर त्या शब्दामागं माणूस आज कसा आहे ते अधूनमधून बघत जा. ते बघायला नंबरचा चष्मा लागत नाही.

गेल्या महिन्यात अण्णा इथं आले होते. त्यांच्या मुलीनं त्यांचा हात धरला होता, ती आता तो कधी सोडत नाही. सहलीची मुलं रांगेत उभी होती, पांढरी काठी घेतलेल्या म्हाताऱ्याला त्यांच्यापैकी कोणीच ओळखलं नाही. अण्णा माझ्या पेटीशी उभे असतानाच एक छोटी मुलगी धावत गेली आणि पुठ्ठ्याच्या दाराला धाडकन खांदा आपटून खाली बसली. सगळी रांग हसली. त्यांच्या शाळेच्या बाईंनी फोटो काढला. अण्णांची मान त्या आवाजाकडं वळली. आपल्या मुलीचा हात सोडवून ते काठी टेकत टेकत पुढं गेले, खाली वाकले आणि त्यांनी विचारलं, "लागलं का गं बाळ?"

अकरा वर्षांत हा प्रश्न अण्णांना कोणी विचारला नव्हता.

"नाही आजोबा," ती हसत म्हणाली. "मी मुद्दाम आपटले."

"मुद्दाम आपटलं तरी लागतं," अण्णा म्हणाले आणि अंदाजानं तिचा खांदा शोधून त्यावर फुंकर घालू लागले.